मोजके घर : वगळलेले कोण उचलते?



साहित्याच्या व्यासपीठावर वास्तुरचनाकाराला बोलावण्याचे धाडस आपल्या मंडळाने केले, म्हणून विषय मी आपल्या सर्वांच्या घरातलाच घेतला आहे. बेळगावातल्या मराठी कुटुंबांच्या बैठकीत सध्या दोन प्रश्न हमखास निघतात. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याही पलीकडे गेली, आता शहरातल्या या मोठ्या घराचे करायचे काय? आणि जांबोटी, चंदगड, आंबोली या बाजूला थोडी जमीन घेऊन तिथे एक लहानसे घर बांधावे का? हे दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा एकच कुटुंब एकाच संध्याकाळी विचारते. असलेल्या घराची झाडलोट होत नाही आणि नव्याची हौस मात्र फिटत नाही, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही, कारण त्या हौसेवर माझे पोट आहे.

पण ही हौस खोटी नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव घाटाखाली आहे. तिथले घर वाटण्यांत गेले, किंवा पडले, किंवा दहा चुलत्यांच्या नावावर कुलूप लावून उभे आहे. नातवंडांना पाऊस पाहायला, चिखलात पाय घालायला एक जागा असावी, ही इच्छा त्यातून येते. म्हणून मी या घराला फार्महाऊस म्हणत नाही. शेत बहुधा नसतेच. सुट्टीचे घर म्हणू या.

या घरासाठी येणारे लोक आता मोबाइलवर एक चित्र घेऊन येतात. पांढरी पेटीसारखी इमारत, वर सपाट छप्पर, जमिनीपासून छतापर्यंत काच, आत एक कोच आणि बाहेर एकच झाड. ‘आम्हाला असे मिनिमल हवे’ असे सांगतात. या शब्दाला मराठीत ‘किमानवाद’ म्हणतात. पण किमान म्हटले की किमान वेतन आठवते. मला ‘मोजके’ हा शब्द बरा वाटतो. मोजक्यात मोजणे आहे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा कोणीतरी हिशेब केला आहे, हे त्या शब्दातच येते.

आणि हिशेबाचा पहिला नियम असा की घरातून एखादी गोष्ट वगळली म्हणजे ती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाते. आज मला एवढेच दाखवायचे आहे, आणि त्यासाठी आधी दोन परदेशी घरांत तुम्हाला नेतो. दोन्ही सुट्टीचीच घरे आहेत.

पहिले फार छोटे. चंडीगड शहराची आखणी करणारे ल कॉर्ब्युझिए यांनी १९५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तँ इथे, स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. लांबी-रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट. त्यात झोपायची जागा, टेबल, बेसिन, कपाट, सगळे जागच्या जागी जोडून बसवलेले. जगातले सर्वांत मोजके घर म्हणून विद्यार्थ्यांना ते दाखवतात, आणि २०१६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीतही आहे. त्यात स्वयंपाकघर नाही. विद्यार्थी विचारतात, सर, जेवण कुठे? जेवण भिंतीपलीकडे. ही खोली एका छोट्या खाणावळीला लागून बांधली आहे आणि तिथे जायला थेट दार आहे. चूल होतीच, ती शेजाऱ्याच्या घरात होती. मालक आणि शेजारी दोघांनाही ते मान्य होते, म्हणून बारा फुटांत संसार बसला. १९६५ साली तिथल्याच समुद्रात पोहताना कॉर्ब्युझिए गेले, तोपर्यंत ते सुट्टीला तिथे येत राहिले.

दुसऱ्या घराची गोष्ट इतकी सलोख्याची नाही. एडिथ फार्न्सवर्थ या शिकागोतल्या डॉक्टर, मूत्रपिंडाच्या विकारांवर काम करणाऱ्या. एकट्या राहत. शहरापासून सुमारे ९० किलोमीटरवर, प्लॅनो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी त्यांनी जमीन घेतली. १९४५ मध्ये त्यांची मीस व्हान डेर रोह यांच्याशी ओळख झाली आणि शनिवार-रविवारसाठी एक लहान घर बांधून द्यायचे ठरले. १९५१ मध्ये जे घर पुरे झाले ते विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध घरांपैकी एक आहे. आठ पांढरे पोलादी खांब, त्यांच्यामध्ये जणू तरंगणारी एक फरशी आणि एक छप्पर, चारही बाजूंना काच. आत एकही खोली नाही. मध्यभागी लाकडी पेटीसारख्या गाभ्यात न्हाणीघरे, शेगडी आणि स्वयंपाकाचा ओटा. तुमच्या मोबाइलमधल्या चित्राचे मूळ इथे आहे.

घर सुंदर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यात काय वगळले होते ते पाहा. उघडणाऱ्या खिडक्या वगळल्या होत्या. दाराखेरीज एका टोकाला खाली दोन लहान झडपा. उन्हाळ्यात काचेचे घर तापे. जाळी वगळली होती; नदीकाठी रात्री दिवा लावला की सगळे किडे काचेवर, शेवटी डॉक्टरीणबाईंनी ओट्याला जाळी लावून घेतली. कपडे ठेवायची जागा वगळली होती. कपाट मागाहून करून आत ठेवावे लागले. ओट्याखाली कचऱ्याचा डबा ठेवायचीसुद्धा चोरी, कारण रस्त्यावरून सगळे दिसते. ही तक्रार १९५३ मध्ये एका अमेरिकी मासिकात छापून आली. खर्चावरून दोघांत कोर्टकचेरी झाली आणि निकाल मीस यांच्या बाजूने लागला. घरमालकीण तरीही वीस वर्षे तिथे येत राहिल्या. १९७२ मध्ये त्यांनी घर विकले. पुढे त्या इटलीत राहिल्या. मोंताले यांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी केले आहेत, हे या सभागृहात मुद्दाम सांगतो, कारण वास्तुकलेच्या पुस्तकांत त्या बरीच वर्षे फक्त ‘भांडखोर गिऱ्हाईक’ म्हणून उरल्या होत्या. २०२१ मध्ये त्या वास्तूच्या नावात ‘एडिथ’ हे पूर्ण नाव आले.

आणि नदी. पूर येतो हे मीस यांना ठाऊक होते. त्यांनी फरशी जमिनीपासून पाच फुटांहून अधिक वर घेतली. १९५४ मध्ये पाणी त्याच्याही वर चढून घरात शिरले. १९९६ मध्ये काच फोडून आले. २००८ मध्ये पुन्हा. नदीच्या वरच्या अंगाला शहरे वाढली, जमीन सिमेंटखाली गेली, तसे पाणी पूर्वीपेक्षा जोरात येऊ लागले.

आता आपल्याकडे येऊ. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला निघालात की दर दहा-पंधरा किलोमीटरला तो वाढत जातो आणि सत्तरेक किलोमीटरवरच्या आंबोलीत ७००० च्या घरात पोहोचतो. एकाच शनिवारी तुम्ही दोन हवामानांतून प्रवास करता. शहरातल्या बंगल्याचा नकाशा उचलून तिकडे ठेवता येत नाही. आणि मोबाइलमधले ते पांढरे घर पोर्तुगालचे किंवा कॅलिफोर्नियाचे असते, म्हणजे जिथे अख्ख्या वर्षात पडतो तेवढा पाऊस आपल्या घाटात जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो तिथले.

त्या चित्रात सगळ्यांत आधी काय वगळलेले असते? वळचण. भिंतीच्या बाहेर आलेला छपराचा भाग. आपल्या भाषेने तिच्याखालच्या त्या दोन हात जागेलाही नाव दिले आहे, वळचणीला उभे राहणे म्हणतो आपण. तिथून गळणाऱ्या धारांना पागोळ्या म्हणतो. नवीन घरात भिंत सरळ वर जाते आणि कापल्यासारखी संपते. दिसायला स्वच्छ, खरेच स्वच्छ. पहिल्या पावसात ती भिंत वरपासून खालपर्यंत भिजते. चिऱ्याची असेल तर पाणी पिते, कारण जांभा दगड सच्छिद्र. दुसऱ्या वर्षी गिलाव्यावर काळे ओघळ. तिसऱ्या वर्षी राखणदार निळी ताडपत्री आणून पश्चिमेच्या बाजूला दोऱ्यांनी बांधतो. वळचण गेली नाही, बघा. ती ताडपत्री होऊन परत आली, आणि तिच्या दोऱ्या भर पावसात दुसराच माणूस आवळतो आहे.

सपाट स्लॅबचेही तेच. पाच-सहा वर्षांत गळू लागतो. आधी डांबर, मग रसायने, मग वर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची टोपी. गोव्यापासून चंदगडपर्यंत कुठेही जा, स्लॅबच्या घरांवर ही टोपी दिसेल. दोन छपरांचे पैसे देऊन एक छप्पर मिळवायचे, याला मोजकेपणा कसा म्हणायचा?

म्हणून घाटाच्या बाजूला मी उतरते छप्परच धरतो, तीस अंशांहून कमी उतार नाही, आणि वळचण किमान तीन फूट. मंगळुरी कौल चालते. आपण त्याला ‘पारंपरिक’ म्हणतो, पण तेही आपल्याकडे कारखान्यातून आले. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरजवळ जेप्पूला १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला. त्याआधी नळीची कौले होती, गवत होते. म्हणजे आधुनिकतेशी माझे वैर नाही. कौलाखाली आज पत्रा घालता येतो, पोलादी वासे घालता येतात. आकार मात्र पावसाने ठरवलेला असावा.

तीन फुटांच्या वळचणीचा हिशेब उन्हालाही लागू पडतो. आपण साधारण सोळा अक्षांशावर आहोत. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्या वळचणीची सावली भिंतीवर पावणेचार फुटांच्या आत संपते. त्याखाली ऊन घरात येते, थंडीत ते हवेच असते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली दहा फूट खाली उतरते, सगळी भिंत झाकली जाते. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर. हे करायला विजेचे यंत्र लागत नाही.

खरा पेच पश्चिमेचा आहे. घाटात देखावा पश्चिमेला असतो. दरी तिकडे, सूर्यास्त तिकडे, आणि पाऊसही तिकडूनच येतो, आडवा. चित्रातल्या घरात पश्चिमेला मोठी काच असते. आपल्या जुन्या लोकांनी तिकडे भिंत आंधळी ठेवली होती. मला दोन्ही मान्य नाही. मी पश्चिमेला आठ फूट खोल पडवी देतो. छप्पर उतरत उतरत सात फुटांवर येते. बसल्यावर दरी पूर्ण दिसते. उभे राहिल्यावर आकाश थोडे कमी दिसते, ते चालते. काच हवी तर पडवीच्या आतल्या बाजूला, तीही बिजागरीची. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाणी साचते आणि वाऱ्याने आत उडते, हे एका पावसाळ्यात कळते. गोव्यातल्या जुन्या घरांचे बाल्कांव, आपला सोपा, यांचे काम हेच होते. घरातल्या सर्वांत चांगल्या जागेला भिंत नव्हती.

यानंतर जे वगळायचे ते बिनधास्त वगळा. जांबोटीच्या पुढे एका कुटुंबासाठी केलेले घर सांगतो. मागणी होती तीन झोपायच्या खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर, बैठकीची खोली, वर माडी. माणसे दोन, दिवाळीत आणि मेमध्ये नऊ. मी त्यांना विचारले, नऊ जण आल्यावर झोपाल कुठे हे लहानपणी कोणी विचारले होते का? शेवटी एक मोठी खोली झाली, एक लहान, एक स्वयंपाकाची जागा, आणि पश्चिमेची पडवी, जी त्या दोन्ही खोल्यांएवढी आहे. न्हाणीघर आणि संडास एकच जोड, पण त्याला एक दार आतून आणि एक बाहेरून. पलंग नाहीत, भिंतीला लागून शहाबादी फरशीचे कट्टे, वर गाद्या. कपाटांना दारे नाहीत. छताला खोटे छत नाही. प्लायवूड कुठेही नाही. वहिनींनी एकच गोष्ट सोडायला नकार दिला, सासूबाईंच्या वेळची दगडी उखळ. ती पडवीच्या कोपऱ्यात आहे आणि मुले त्यावर बसतात.

हे सगळे काटकसरीसाठी नाही, तर हे घर वर्षातले तीनशे दिवस बंद राहणार आहे म्हणून. आपण नकाशा काढतो तो आपण तिथे असतानाचा. घराला मात्र मुख्यतः आपल्याशिवाय जगायचे असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद घरात हवा हलली नाही की गाद्यांना बुरशी, चामड्याला बुरशी, प्लायवूडला फुगवटा, चौकटीला वाळवी. काच लावून घट्ट बंद केलेले घर म्हणजे लोणच्याची बरणी. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हवेला वाट हवी, बारीक जाळी लावून, म्हणजे वटवाघळे आणि उंदीर येणार नाहीत.

याचे एक चांगले उदाहरण कोकणातच आहे. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावी, माडाच्या बागेत, बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये ‘पाल्मायरा हाऊस’ नावाचे सुट्टीचे घर पुरे केले. दोन लांबट इमारती समोरासमोर, मध्ये पाण्याचे अरुंद कुंड. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, सुतारांनी खाचांत खाचा बसवून जोडलेला. बाहेरून ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या, त्यांतून वारा आणि उजेड गाळून येतो. पाणी आवारातल्या विहिरींचे, उंच टाकीत चढवून तिथून आपोआप घरात उतरणारे. दिसायला अगदी आजचे घर, आणि भिंतच श्वास घेते. अर्थात लाकडाची निगा सतत राखावी लागते. ते घर ज्यांचे आहे त्यांनी तो भार जाणून घेतला असणार. आपल्याला परवडेल का, हा प्रश्न पट्ट्या मोजण्यापूर्वी विचारावा.

निगा म्हटले की त्या माणसाकडे यावेच लागते. सुट्टीच्या घराच्या प्रत्येक नकाशात मागच्या बाजूला एक चौकोन असतो, सहा बाय आठ. त्यावर ‘सर्व्हंट रूम’ असे इंग्रजीत लिहिलेले असते. मराठीत लिहायला हात धजत नाही. पुढच्या घरात वळचण नसते, निदान चर्चा तरी होते. या खोलीवर पत्रा असतो आणि चर्चा होत नाही. मालक स्वयंपाकघर लहान ठेवतात, कारण ‘जेवण गावातून सांगू’. म्हणजे गावातली एक बाई स्वतःच्या चुलीवर नऊ माणसांच्या भाकऱ्या भाजते. कॉर्ब्युझिएच्या शेजाऱ्याचा तो धंदा होता आणि त्याची खाणावळ समोर दिसत होती. आपल्याकडे ते दर ठरवून, वेळेवर दिले जाते का, हे तुम्ही आपापल्या ओळखीतल्या घरांपुरते तपासा.

पाण्याचेही तसेच. घाटात एवढा पाऊस, पण जांभ्याच्या जमिनीतून तो झिरपून जातो आणि एप्रिलमध्ये विहिरी तळाला लागतात. गावातल्या बायका घागरी घेऊन चालत असतात, आणि कुंपणाआड हिरवळीवर फवारा. पोहायचे कुंड वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल धरले तर साडेबावीस हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. मी ते काढून देत नाही. गिऱ्हाईक गेले आहे त्यापायी, दोनदा.

जमीन बघायला लोक जानेवारीत जातात, हवा छान असते म्हणून. जुलैत जा. गाडी कुठपर्यंत पोहोचते, ओढा कुठून वळतो, शेजारच्या गोठ्यात पाणी कुठवर चढले आहे, ते पाहा. आणि एप्रिलच्या शेवटी पुन्हा जा, विहिरीत डोकावून यायला.

जांबोटीच्या त्या घरात राखणदार मामांची खोली आम्ही मुख्य छपराखालीच घेतली, उत्तरेच्या टोकाला, त्याच कौलांखाली, तीच वळचण. तिला स्वतःची पडवी आहे, मोरी आहे, विजेचे मीटर वेगळे आहे. मालकांना आधी पटले नव्हते. नकाशात घराची रेघ लांबते, असे त्यांचे म्हणणे. रेघ नऊ फुटांनी लांबली. मामांचा नातू आता तिथे राहून जांबोटीच्या शाळेत जातो. पावसाळ्याचे चार महिने त्या एका खोलीत चूल पेटलेली असते, तेवढ्या उबेने आणि धुराने शेजारची भिंत कोरडी राहते, त्यामुळे मालकांनी आपल्या गाद्या त्याच भिंतीलगतच्या कट्ट्यावर ठेवायला सुरुवात केली आहे.

त्या घराचा आणि आणखी दोन घरांचे नकाशे बाहेर टेबलावर मांडून ठेवले आहेत. खर्चाचे प्रश्न तिथेच विचारावेत.